'यंत्राची चूक' म्हणजे नेमकी कोणाची चूक?

ऐन मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, मी एका ऑनलाइन दुकानातून वकिलीचा काळा कोट मागवला. दुसऱ्या दिवसापासून तेच दुकान मला लोकरीचे हातमोजे, कानटोपी आणि मफलर घेण्याचा आग्रह करू लागले. मुलगी म्हणाली, "पप्पा, दुकानाला वाटतंय तुम्ही काश्मीरला निघालात." सगळे हसले, मीही हसलो. पण अशी प्रत्येक शिफारस हसण्यावारी नेता येत नाही.

मुळात हे चालते कसे? ॲमेझॉनच्या तीन अभियंत्यांनी २००३ साली आपली पद्धत लेख लिहून जाहीर केली होती. एकाच गिऱ्हाइकाने कोणत्या दोन वस्तू घेतल्या, याची यंत्र मोजदाद ठेवते. कोट घेणाऱ्या अनेकांनी हातमोजेही घेतले असतील, तर पुढच्या कोटवाल्यालाही हातमोजे दाखवायचे. कोट कोर्टाचा की थंडीचा, याच्याशी यंत्राला देणेघेणे नाही. काय सोबत विकले गेले ते त्याला कळते, का ते कळत नाही.

आता अमेरिकेतील एक घटना पाहा. जानेवारी २००६ मध्ये वॉलमार्टच्या ऑनलाइन दुकानात 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या वानरांच्या दूरचित्रवाणी मालिकेचा डीव्हीडी संच पाहणाऱ्या गिऱ्हाइकांना 'हेही पाहा' म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील चित्रपट सुचवला जात होता. सोबत मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन, अभिनेत्री डोरोथी डँड्रिज आणि गायिका टीना टर्नर यांच्यावरील चित्रपट होते. चौघेही कृष्णवर्णीय! बोभाटा झाला, तेव्हा कंपनीने माफी मागितली, यंत्रणेत दोष असल्याचे सांगितले आणि शिफारशींची ती यंत्रणाच बंद केली.

कोणी म्हणेल, यंत्राला वर्ण कुठे कळतो? त्याने मुद्दाम थोडेच केले? मान्य. पण कृष्णवर्णीयांना वानर म्हणून हिणवण्याला शतकांचा इतिहास आहे. तो इतिहास यंत्राला ठाऊक नव्हता, माणसांना होता. ज्याच्या आजोबांनी ही शिवी झेलली आहे, असा एक माणूस यादी तपासायला बसवला असता, तर पहिल्याच नजरेत त्याने ती थांबवली असती. अपमान कशाला म्हणतात, हे ज्याने तो भोगला आहे त्याला लवकर कळते. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून यादी तपासणाऱ्या खुर्चीवर कोण बसतो, हा प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे.

पुढे २०१७ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वृत्तवाहिनीने दाखवून दिले, की ॲमेझॉनचे 'सोबत घेतल्या जाणाऱ्या वस्तूं'चे सदर स्फोटके बनवायला लागणारी रसायने एकत्र सुचवत होते. तेव्हाही यंत्र फक्त मोजत होते.

हे परदेशातले, आपल्याला काय, असे म्हणून चालणार नाही. याच वॉलमार्टने २०१८ साली फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा विकत घेतला. बाजार एकच झाला आहे.

कायदा काय सांगतो? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेने मालाची क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर ठरते, हे सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. 'क्रमवारी'ची व्याख्याही व्यापक आहे. कोणत्याही तांत्रिक साधनाने मालाला दिलेले ठळक स्थान तीत येते. माझ्या मते 'हेही पाहा' म्हणणाऱ्या शिफारशीही त्यात बसतात, आणि तसा युक्तिवाद आपल्या वकिलांनी ग्राहक आयोगापुढे करायला हवा.

तोवर प्रत्येकाला एक गोष्ट करता येईल. महापुरुषांच्या, वा कोणत्याही समाजाच्या, अपमानाची अशी जोडी दिसली, तर पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ नोंदवा आणि दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. याच नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करणे त्याला भाग आहे. उत्तर 'यंत्राची चूक' असे आले, तर पुढचा प्रश्न विचारा: यंत्र कोणाचे, आणि नफा कोणाच्या खिशात गेला?

हातमोज्यांवर जरूर हसू या. पण माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आला, की यंत्रामागच्या मालकाला जाब विचारायचा.