मामाच्या डब्यातलं खुलताबाद

‘मॅडम, बिल्डिंगचा फोटो नाही काढायचा!’

मुंबईतल्या एका चकाचक काचेच्या टॉवरसमोर, भर फुटपाथवर सिक्युरिटीवाल्याने मला अडवलं, तेव्हा कॅमेरा बॅगेतून धड बाहेरही आला नव्हता. म्हटलं, अहो, मी रस्त्यावर उभी आहे. तो शांतपणे म्हणाला, ‘पण फोटो बिल्डिंगचाच येणार ना?’ आता याला काय उत्तर देणार? असाइनमेंट होती ‘उंच मुंबई’. दोन दिवसांत तीन टॉवरांवरून हाकललं गेल्यावर हाती काय लागलं, तर ताडदेवच्या जुळ्या इम्पीरिअल टॉवर्सचे लांबून घेतलेले दोन फ्रेम्स. हाफीझ काँट्रॅक्टर यांचं डिझाइन, २०१० साली पूर्ण झालेले हे टॉवर्स इतक्या लोकांनी इतक्या वेळा टिपलेत, की माझ्या फोटोत माझं असं काही नव्हतंच.

शुक्रवारी रात्री वैतागून ट्रॅव्हल्सची बस पकडली आणि सकाळी छत्रपती संभाजीनगर. तिथून खुलताबाद, मामाच्या गावी.

वेरूळला जाताना तुम्हीही खुलताबादवरून गेला असाल. बहुतेक जण भद्रा मारुतीला हात जोडतात आणि पुढे सटकतात. (श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून इथवर चालत येणाऱ्यांची गर्दी पाहण्यासारखी असते, पण तो विषय वेगळा.) वाटेत दौलताबादला उतरले. म्हटलं, मुंबईने उंच फोटो दिला नाही, तर मराठवाडा देईल! चाँद मिनार म्हणजे पंधराव्या शतकातला स्कायस्क्रेपरच. बहामनी सुलतान अलाउद्दीनने बांधलेला, उंची सुमारे २१० फूट. आणि गंमत बघा, प्रॉब्लेमही टॉवरसारखाच. जवळ उभं राहून कॅमेरा वर तिरका केला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि मिनार मागे कलंडल्यासारखा दिसतो. यावर टिल्ट-शिफ्ट लेन्स मिळते, पण तिची किंमत ऐकून मी विषय बदलते. गरिबाचा उपाय असा : शक्य तितकं मागे जा, कॅमेरा सरळ जमिनीला समांतर धरा आणि फ्रेमच्या खाली जी भरमसाट जमीन येईल ती नंतर कापून टाका. फोनवरही जमतं. पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये बहुतेक स्मारकांत फोटोग्राफीला मोकळीक दिली आहे. ट्रायपॉड लावायचा असेल तर मात्र आधी परवानगी काढा.

मामाचा खुलताबादमध्ये फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट साइज. पण लहानपणी मला तो जगातला सगळ्यात ग्लॅमरस माणूस वाटायचा. लाल दिव्याच्या खोलीत जाऊन माणसं पाण्यातून वर काढणारा!

‘काय काढायलीस गं एवढं?’ चहा पुढे ठेवत त्याने विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. गेल्या दिवाळीत काढलेला गावातल्या दरवाज्याचा फोटो दाखवला. औरंगजेबाच्या काळात गावाभोवती तट बांधला गेला, त्यातले दरवाजे अजून गावात आहेत. संध्याकाळचा सोनेरी उजेड, दगडाचा पोत, वर निळं आभाळ. माझा लाडका फोटो. मामा बराच वेळ बघत राहिला.

‘तारा कामून पुसल्यास?’

मी म्हटलं, मामा, तारा फार घाण दिसत होत्या. आणि डावीकडचं टपरीचं पत्र्याचं छत पण काढलं. क्लीन दिसतं.

‘ती टपरी कुणाची हाय माहितीय ना? आपल्या चाचाची. चाळीस वर्षं झाली त्याला तिथं बसून.’

रागावला नाही तो. उठून आत गेला आणि बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे घेऊन आला. आत निगेटिव्ह. कागदाच्या पाकिटात, काही नुसत्याच गुंडाळलेल्या. पाकिटांवर तारखा आणि नवरदेवांची नावं. लग्न, वरात, बारसं, संदल, शाळेचं गॅदरिंग.

‘मी कधी दरवाजाचा फोटो काढला नाही,’ मामा म्हणाला. ‘पण वरात तिथूनच जायची ना.’

खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरून बघितली. काळ्याचं पांढरं उलटं असल्याने आधी काही कळेना. मग आई दिसली. माझी आई, नववारी, मुंडावळ्या. तिच्या मागे तोच दरवाजा, पण वरचा कठडा अख्खा. माझ्या फोटोत तिथे नुसती झुडपं उगवलेली. शेजारी तटाचा एक तुकडा, जिथे आता दोन मजली घर आहे. तारा तेव्हाही होत्या, फक्त दोनच. टपरी होती. आणि टपरीत पोरसवदा चाचा, घोड्याकडे बघून हसणारा.

काय सांगू, चहा गार झाला.

या गावाचं जुनं नाव रौझा. औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, त्यावरून पुढे खुल्दाबाद, म्हणजे आपलं खुलताबाद. १८८० च्या दशकात निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ इथे आले होते. हा माणूस तुम्हाला आवडेल. १८४४ चा जन्म, रुरकीला इंजिनीअरिंग, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी आणि फावल्या वेळात फोटो. मग लांबलचक रजा टाकली आणि शेवटी नोकरीला रामराम! निजामाने पुढे ‘राजा’ किताब दिला. काचेच्या प्लेटा आणि भलामोठा कॅमेरा घेऊन त्यांनी रौझ्यातली औरंगजेबाची कबर टिपली. आज कबरीभोवती दिसते ती संगमरवरी जाळी तेव्हा नव्हती. ती कर्झनच्या पुढाकाराने नंतर आली. मार्च २०२५ मध्ये याच कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं, बंदोबस्त लागला. मी या खेपेला तिकडे कॅमेरा नेलाच नाही. पण एवढं खरं, की जाळीआधीची कबर कशी होती हे बघायचं तर त्या जुन्या प्लेटांकडेच जावं लागतं.

रविवारी पहाटे मामा स्वतः म्हणाला, चल, मलिक अंबरकडे जाऊ. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवणारा हा हबशी वजीर १६२६ साली गेला. त्याची कबर गावाबाहेर आहे. टुरिस्ट बसेस तिथे वळत नाहीत. साडेसहाला पहिला उजेड घुमटाच्या एकाच बाजूला पडला आणि दुसरी बाजू निळसर राहिली. मी वाकून, बसून, मागे सरकून वीसेक फ्रेम्स घेतल्या. मामाने माझ्याकडून कॅमेरा घेतला आणि एकच. त्यात चौथऱ्याशी चरणाऱ्या दोन शेळ्या आहेत, शेळीवाल्या पोराची चप्पल आहे आणि कोपऱ्यात अर्धी मी. घुमट सरळ आहे. टिल्ट-शिफ्टशिवाय.

परत येताना त्याने सहज सांगितलं, की स्टुडिओची जागा पुढल्या महिन्यात सोडायची आहे. डबे? ‘भंगारवाला फिल्म घेत नाही आता. बघू.’

दोन डब्यांत बुरशी शिरली होतीच. मुंबईला परतायचं तिकीट कॅन्सल केलं. ‘उंच मुंबई’ला एडिटरकडून आठवडाभराची मुदत मागितली, थोडं खोटं बोलून. मग मामाच्या काउंटरवरच सेटअप लावला : फोनचा स्क्रीन पूर्ण पांढरा करून आडवा ठेवायचा, वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, म्हणजे स्क्रीनचे ठिपके येत नाहीत. त्यावर निगेटिव्ह, वरून मॅक्रो लेन्स. कॉम्प्युटरवर रंग उलटवले की झालं. पट्ट्या कडांना धरायच्या, बोटं लावायची नाहीत. मामा पाकिटावरचं नाव वाचतो, मी फाइलला देते. मागे कुठला दरवाजा, कुठली गल्ली हेही तोच सांगतो. कधी कधी भांडण होतं, मग चाचाला बोलावतो.

एक डबा संपला. चाचाने त्याचा फोटो मागितलाय, तो घोड्याकडे बघून हसतानाचा. तारांसकट.