अनोळखी माणसांचे फोटो आणि धीटपणा

स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे सार्वजनिक जागी, कोणतीही मांडणी न करता केलेले छायाचित्रण. ते जन्मजात धीट माणसांनाच जमते, बुजऱ्यांनी टेलिफोटो लेन्स (दूरचे जवळ दाखवणारे भिंग) लावून लांबून फोटो काढावेत, असा समज आहे. प्रत्यक्षात लपून रोखलेल्या लांब लेन्सनेच लोक जास्त बिचकतात. नामवंत फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची आवडती लेन्स साधी ५० मिलिमीटरची होती. त्यासाठी माणसांच्या बऱ्यापैकी जवळ जावे लागते.

हा धीर विहिरीत पोहायला शिकण्यासारखा येतो: आधी पाठीला डबा, मग हळूहळू तो सुटतो. इथे डबा म्हणजे परवानगी. दादरच्या फूलबाजारात पहाटे एकाच जागी अर्धा तास थांबा, कॅमेरा गळ्यात उघड दिसू द्या, फुले घ्या, बोला, विचारून फोटो काढा. थोड्या वेळाने विक्रेते आपापल्या कामाला लागतात आणि हवे ते सहज क्षण तेव्हाच मिळतात. नजरानजर झाली तर हसावे. कॅमेरा झटकन खाली घेतल्यानेच संशय येतो. माझ्या मते तंत्रापेक्षा हे थांबणे महत्त्वाचे.

लहान मुलांचा फोटो पालकांना विचारूनच काढावा. कोणी हरकत घेतली, तर वाद न घालता फोटो त्यांच्यासमोर पुसून टाका.