राणीची बाग, व्हाया ठाणे

‘दोन पोरांना घेऊन वीकेण्ड? वेडी आहेस का!’ सासूबाईंचा शेरा. पण पाच महिने डॉक्टरांखेरीज मी कुठेच गेले नव्हते. लोणावळा रद्द, राणीची बाग पक्की. १८६२ची ही बाग, मुलुंडहून स्लो लोकलने भायखळा. रविवारी मेगाब्लॉकची धास्ती, म्हणून शनिवार. (बुधवारी बाग बंद, लक्षात ठेवा.) प्रॅम घरीच, पुलाच्या पायऱ्या चढवणार कोण? धाकटी माझ्या कॅरिअरमध्ये, तीन वर्षांचा थोरला नवऱ्याच्या खांद्यावर. काचेमागे हम्बोल्ट पेंग्विन सूर मारताहेत आणि आमचे साहेब खूष बाहेरच्या कावळ्यावर! त्याच्या उड्या बघून धाकटी खळखळून हसली. नंतर आम्हा दोघांना कटिंग, तोही चक्क गरम असताना. परतताना घाटकोपरपर्यंत चौघेही झोपलो. मुलुंड हुकलं, ठाण्याला उतरलो.