ब्रिटनचे वार्तापत्र : पिसांसाठी पाळलेल्या कोंबड्या

बँटम म्हणजे बुटक्या जातीची कोंबडी. तिचे वजन नेहमीच्या कोंबडीच्या पाव भागाच्या आसपास भरते आणि अंडेही त्याच मानाने लहान असते. मांसाच्या किंवा अंड्यांच्या हिशेबात ती बसत नाही. ब्रिटनमध्ये ती पाळली जाते ती पिसांचा रंग, तुऱ्याची ठेवण आणि अंगाचा डौल यांसाठी. शिरोळ तालुक्यातल्या जयसिंगपूरच्या गल्ल्यांतून कोंबडी पाळण्याचे कारण सहसा अंडी नाहीतर रस्सा हेच असते. सिल्की, ब्रह्मा, कोचीन या परदेशी जाती महाराष्ट्रातले शौकीनही आता पाळू लागले आहेत. ब्रिटनमध्ये मात्र या हौसेला दीडशेहून अधिक वर्षांची लेखी शिस्त आहे.

ही शिस्त झुंजीच्या शेवटातून आली. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. चुरशीचे हे मैदान बंद झाल्यावर प्रदर्शनाचे मैदान खुले झाले. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. पूर्वेकडून आलेल्या कोचीन जातीचे राणी व्हिक्टोरियाला कौतुक होते, आणि राजवाड्यातली हौस पाहता पाहता मध्यमवर्गाच्या परसात उतरली. १८५२ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज बर्नहॅम यांनी राणीला भेट पाठवलेल्या मोठ्या करड्या कोंबड्या पुढे ब्रह्मा या नावाने ओळखल्या गेल्या. हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आले. कोणती कोंबडी चांगली, यावरून वाद वाढले तेव्हा १८६५ मध्ये जातींची आदर्श लक्षणे छापण्यात आली. १८७७ मध्ये स्थापन झालेला ‘पोल्ट्री क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ आजही ही लक्षणे ठरवतो.

बँटमचे दोन वर्ग मानले जातात. मोठ्या जातीची निवडीने केलेली छोटी आवृत्ती हा एक, आणि जिला मोठे भावंडच नाही अशी मूळची बुटकी जात हा दुसरा. दुसऱ्या वर्गातली मानाची जात सेब्राइट. हर्टफर्डशरचे जमीनदार सर जॉन सेब्राइट यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडवली. सोनेरी किंवा रुपेरी पिसाला चहूबाजूंनी काळी रेघ असते, इरकली लुगड्याला काठ असावा तशी. नराचे वजन अवघे ६२० ग्रॅम. या नराला शेपटीची लांब वळणदार पिसे येत नाहीत. त्याचा पिसारा मादीसारखाच असतो. वृषण काढून टाकल्यावर अशा नराला नेहमीच्या कोंबड्याची पिसे फुटतात, हे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १९१९ च्या सुमारास दाखवले. पुढे कारणही सापडले: त्याच्या कातडीतच नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरकात रूपांतर होते.

पेकिन ही पायांच्या बोटांपर्यंत पिसे असलेली गोल गरगरीत जात. १८६० मध्ये बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला तेव्हा ती इंग्लंडात आली, असे सांगितले जाते. जपानी बँटमचे पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकल्यासारखे दिसते. हा आखूडपणा ज्या जनुकामुळे येतो, त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू अंड्यातच मरते. त्यामुळे दोन आखूड पायांच्या पक्ष्यांची जोडी लावली की सुमारे चौथा हिस्सा अंडी वाया जातात, आणि उरलेल्यांतही काही पिल्ले लांब पायांची निघतात.

रंगाचेही असेच गणित आहे. निळ्या-करड्या नर-मादीपासून चारात सरासरी एक पिल्लू काळे, दोन निळी आणि एक शिंतोड्यांचे पांढरे निघते. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवले ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच.

पाळणूक साधी आहे. लाकडी खुराडे, रात्री बसायला दांडी, अंड्यांसाठी भुसा घातलेली पेटी आणि जाळीचे आवार एवढ्यावर भागते. मोठा शत्रू कोल्हा. तो लंडनच्या वस्त्यांतही फिरतो, म्हणून अंधार पडताच खुराड्याचे दार लावावे लागते. दिवसा फटीत लपून रात्री रक्त पिणारे लाल किडे हा दुसरा त्रास. पेकिन आणि सिल्की वारंवार खुडूक होतात. फेजंट आणि तितर यांची अंडीही त्यांच्याखाली उबवून घेतली जातात.

छंद खासगी असला तरी कायदा परसापर्यंत येतो. स्वयंपाकघरातले उरलेसुरले कोंबडीला घालणे गुन्हा आहे. सवलत फक्त दूध-तूपही न चालणाऱ्या घराला. त्या मापाने जयसिंगपुरातले जैन स्वयंपाकघरही सवलतीत बसणार नाही. पालिकेकडून भाड्याने मिळालेल्या भाजीच्या तुकड्यावर कोंबड्या ठेवण्याची मुभा १९५० च्या कायद्याने दिली, पण नर वगळून. काही घरांच्या खरेदीखतातच कोंबड्या न पाळण्याची अट असते, आणि पहाटेच्या आरवण्याची तक्रार शेजारी पालिकेकडे नेऊ शकतो.

बर्ड फ्लूने बंधने आणखी वाढवली. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमधला प्रत्येक पाळीव कोंबडा-कोंबडी छपराखाली ठेवणे सक्तीचे होते. पूर्वी नोंदणी पन्नास पक्ष्यांपासून पुढे लागे. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकाच कोंबडीचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. त्यामुळे या नोंदीचा हेतू महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको.

प्रदर्शनाआधी पक्ष्याला कोमट पाण्यात शाम्पूने धुतात, वाळवतात, तुऱ्याला किंचित तेल लावतात आणि पिंजऱ्यात शांत उभे राहण्याची सवय लावतात. पीस कापून किंवा रंगवून दोष झाकला तर पक्षी बाद होतो. परीक्षक ठेवण, रंग, तुरा, पाय आणि प्रकृती पाहून छापील लक्षणांशी ताडून निकाल देतो. राष्ट्रीय प्रदर्शन टेलफर्डला भरते.

शिरोळ तालुक्यात हा छंद करायचा तर जातीची निवड हवामान पाहून करावी लागते. पायांवर पिसे असलेली पेकिन पावसाळ्यातल्या काळ्या चिकट मातीत टिकत नाही. तिला कोरडी, उंचावरची जागा हवी. सेब्राइट आणि जपानी बँटम या दोन्हींच्या पायांवर पिसे नसतात. त्यामुळे सेब्राइट चिखलातून निभावते. आखूड पायांच्या जपानीला मात्र कोरडी जमीनच लागते. एप्रिल-मेच्या उन्हात सगळ्यांनाच दाट सावली आणि गार पाणी लागते. जिवंत पक्षी किंवा उबवणीची अंडी ब्रिटनमधून सरकारी परवान्याशिवाय आणता येत नाहीत, म्हणून सुरुवात देशातल्याच जोडीपासून करावी लागते. जोडी कोणाची, पिल्लू कोणत्या अंड्याचे, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवली तर काही पिढ्यांत जात स्थिर करता येते. वही नसेल तर देखण्या जोडीची पिल्लेही पाहता पाहता गावठी रूपाकडे वळतात.