मालकाची गाडी, कंपनीची गाडी

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या अडत्यांमागच्या बोळात आमच्या ट्रान्सपोर्टची गादी होती. 1981 साली मी तिथे दिवाणजी म्हणून बसलो. बिल्टी फाडायची, भाडं ठरवायचं, ड्रायव्हरला अ‍ॅडव्हान्स देऊन पावतीवर सही घ्यायची आणि फेरी संपली की त्याचा हिशोब मांडायचा, ही माझी कामं. पुढे लिहायला लागलो, तरी मालवाहतूक सोडून दुसऱ्या विषयाला फारसा हात लावला नाही. छोट्या मालकाच्या गाडीवर चाकरी बरी की मोठ्या कंपनीत, हा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं पोरं विचारत आली आहेत. यंदा संपादकांनीही तोच घातला.

परमिट, जकात, चेकनाके यांचा इतिहास या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. 2010 मध्ये नॅशनल परमिट सुटसुटीत झालं, 2017 मध्ये जीएसटी आला आणि नाक्यांवरच्या रांगा मोडल्या, 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी लवकर पोहोचू लागली, हे खरं. गाडीवरचा माणूस लवकर घरी येऊ लागला का, हे मात्र कुणी मोजलं नाही.

मी छोट्या मालकाच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. एक, दोन, फार तर चार गाड्या असलेला मालक मी रोज पाहिला. त्याचा आणि ड्रायव्हरचा व्यवहार कसा चाले, हे हिशोबाच्या वेळी कळायचं. मुंबईला हळद खाली करून, परतीचं भाडं घेऊन गाडी सकाळी पेठेत यायची. ड्रायव्हर तोंड धुऊन गादीच्या कडेला टेकायचा आणि शर्टाच्या खिशातून रबर लावलेली प्लॅस्टिकची पिशवी काढायचा. तिच्यात चिठ्ठ्या असत. पंपाची पावती, पंक्चरवाल्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला आकडा, वाराईची चिठ्ठी, वजनकाट्याची पट्टी. सगळ्यांना डिझेलचा वास. ज्याची चिठ्ठी मिळत नाही ते खर्च तो तोंडी सांगायचा आणि मी ‘रस्ता खर्च’ म्हणून एका ओळीत घालायचो. मालक चिठ्ठ्यांकडे फारसा बघत नसे. तो विचारायचा, “खंबाटकी चढताना गाडी कशी ओढते? डावीकडचा पाटा बोलतोय का?” ड्रायव्हरने स्प्रिंगचा पाटा बदलायला हवा म्हटलं की पाटा बदलला जायचा, कारण गाडीची नाडी त्याच्या हातात होती.

त्याच बैठकीत बाकीच्या गोष्टीही निघत. बहिणीच्या लग्नाला उचल हवी, थोरल्याला हायस्कुलात घालायचं आहे, म्हातारीचे डोळे दाखवायचे आहेत. मालक कुरकुरायचा आणि द्यायचा. उचल पगारातून वळती व्हायची, कधी व्हायची नाही. हे मालक फार दयाळू होते असं नाही. गाडी एका माणसाच्या भरवशावर हजार किलोमीटर लांब गेलेली असते आणि त्या माणसाला तोडून चालत नाही, हे त्यांना कळत होतं.

पण मला या नात्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते दुसरंच. मालकाची गाडी ही शाळा होती आणि शिडीही होती. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढायचा. पहाटे काचा पुसायच्या, ग्रीस मारायचं, टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखायची, फाळका उघडून माल मोजून द्यायचा. ताडपत्री ओढून दोरीची गाठ अशी मारायची की घाटात सुटू नये आणि खाली करताना एका हिसक्यात सुटावी. आमच्या गादीवर गाडी लावणारा एक वस्ताद होता, सगळे त्याला मामा म्हणत. नव्या किन्नराकडून तो पहिले सहा महिने फक्त दोरी बांधून घ्यायचा. गाठ चुकली की काही न बोलता सोडायचा आणि पुन्हा दोरी हातात द्यायचा. दोन-तीन वर्षांनी एखाद्या पहाटे, गाडी रिकामी असताना, पेठ नाक्याच्या पुढे तो स्टिअरिंग सोडून बाजूला सरकायचा. त्या पोराला तो दिवस जन्मभर आठवायचा.

मग लायसन्स, मग आठ-दहा वर्षं ड्रायव्हरकी. आणि मालकाने नवी चेसिस उचलली की जुनी गाडी बाहेर विकण्याऐवजी ड्रायव्हरलाच हप्त्याने द्यायची. बँकेने अशा माणसाला दारात उभं केलं नसतं. 1979 मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्यांनी जुन्या ट्रकवर कर्ज देण्याचा धंदाच उभा केला, तो या शिडीवरच्या माणसांच्या जोरावर. आमच्या एका गादीवर मी असे अकरा ड्रायव्हर मालक झालेले पाहिले. बाहेर बघायचं तर हुबळीच्या व्हीआरएलचे विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये गदगला एका ट्रकवर सुरुवात केली. आज ज्यांच्या हजारो गाड्या रस्त्यावर आहेत त्यांचंही मूळ एका गाडीत आहे.

काही अभ्यासक मंडळी अलीकडे ठासून लिहितात की छोटा मालक हाच या धंद्याचा आजार आहे. त्याला व्यवस्थापन कळत नाही, तो जादा माल भरतो, ड्रायव्हरला पिळतो, तेव्हा सगळी वाहतूक मोठ्या कंपन्यांकडे जाऊ द्या, ड्रायव्हरचं आपोआप भलं होईल. या मंडळींना मी एकच विचारतो. मोठ्या कंपनीचं नाव रंगवलेली गाडी कुणाची असते, हे तुम्ही कधी आरसी बुक उघडून पाहिलंत का? पुष्कळशा बड्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे स्वतःच्या गाड्या थोड्या आणि अटॅच केलेल्या किंवा बाजारातून भाड्याने उचललेल्या जास्त असतात. करार कंपनीचा, बिल कंपनीचं, गाडी मात्र शिरोळच्या नाहीतर विट्याच्या कुणा मालकाची. मधल्या दलालीने भाडं चेपलं जातं, आणि ते चेपलेलं भाडं शेवटी ड्रायव्हरच्या भत्त्यातून निघतं. ज्याला ते छोट्या मालकाचं पाप म्हणतात, ते बरेचदा वरून खाली आलेलं असतं. 2018 मध्ये दहाचाकीची वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर गेली. तेवढ्याच मालाला गाड्या कमी लागू लागल्या, भाडं पडलं, आणि हप्ते थकले ते एका-दोन गाड्यांवाल्यांचे.

तरीही कंपनीचं श्रेय मी नाकारत नाही. जी कंपनी खरोखर स्वतःच्या गाड्या आणि स्वतःचे ड्रायव्हर ठेवते, तिथे पगार बँकेत जमा होतो, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, टायर फुटला तर ड्रायव्हरला रात्री कुणाच्या पाया पडावं लागत नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगोने तर ड्रायव्हर बदलत गाडी पुढे नेण्याची रीत आणली. चार-पाच तास गाडी चालवायची, ठरल्या ठिकाणी दुसऱ्याच्या हाती द्यायची, समोरून आलेली गाडी घेऊन परतायचं आणि घरी झोपायचं. मी त्यावर लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं. 2022 मध्ये त्या कंपनीचा एक्स्प्रेस वाहतुकीचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. पण ड्रायव्हर रात्री घरी पोहोचू शकतो, एवढं तिने दाखवून दिलं.

कंपनीत जे नाही ते वेगळं आहे. आज ही गाडी, उद्या ती. पाटा बोलतोय हे ऐकणारा कान असला तरी सांगायचं कुणाला? डिझेल किलोमीटरवर बांधलेलं, टाकीत सेन्सर, जास्त लागलं तर कपात, मग घाटात जाम का लागेना. आणि दहा वर्षांनी? दहा वर्षांनी तो ड्रायव्हरच असतो, फक्त डोळे दहा वर्षांनी जुने. कंपनी आपली जुनी गाडी लिलावात काढते, ड्रायव्हरला विचारत नाही.

आता माझ्या बाजूची काळी गोष्ट सांगतो. ती टाळली तर हा लेख खोटा पडेल.

1987 च्या पावसाळ्यात आमच्या गादीवर लागणारी एक गाडी खंबाटकीत उलटली. ड्रायव्हर जागीच गेला, तिशीतला. त्याची बायको दोन पोरं घेऊन पेठेत आली तेव्हा मालक म्हणाला, “हा माझा ड्रायव्हर नव्हेच. बदलीवर आला होता, कुणी बसवला मला ठाऊक नाही.” चार वर्षं तो माणूस त्याच गाडीवर होता. पण पगारपत्रक नाही, नेमणुकीचा कागद नाही, कुठल्या रजिस्टरात नाव नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने एका गाडीच्या मालकावरही जबाबदारी येत होती, आणि विम्याच्या पॉलिसीतून रक्कम निघू शकत होती. मात्र तो नोकरीवर होता, एवढं सिद्ध व्हावं लागत होतं. ते सिद्ध झालं माझ्या अ‍ॅडव्हान्सच्या पावत्यांवरून. चार वर्षांच्या पावत्या, प्रत्येकीवर गाडीचा नंबर आणि त्याची सही. पेठेतल्या वडीलधाऱ्यांनी मला साक्षीला जाऊ नको म्हणून सांगितलं. मी गेलो. भरपाई मिळाली, उशिरा मिळाली. त्या मालकाशी मी पुन्हा बोललो नाही.

हे एका माणसाच्या दानतीवर सोडून चालत नाही, कारण कायद्यानेच त्याला आडोसा दिला. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा चांगला होता. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांना. ग्रॅच्युइटी आणि ईएसआय दहांपासून, प्रॉव्हिडंट फंड विसांपासून. त्यामुळे आठ गाड्यांचा मालक दोन स्वतःच्या नावावर, दोन बायकोच्या, दोन भावाच्या, दोन मेहुण्याच्या नावावर घालतो आणि कागदोपत्री सगळे छोटे राहतात. पाचांहून कमी कामगारांनाही हा कायदा लावण्याची मुभा राज्य सरकारला त्याच कायद्यात होती. मी वर्षानुवर्षं तेवढंच मागत आलो. उलट 2020 च्या नव्या कामगार संहितेत ती रेष पाचांवरून दहांवर नेली गेली. छोटा मालक टिकावा म्हणून सवलती मागणाऱ्या आमच्याच काही पुढाऱ्यांनी या बदलाचं स्वागत केलं, याचं मला अजून वाईट वाटतं. छोटा मालक ड्रायव्हरच्या रजेवर टिकत नसतो, भाड्यावर टिकतो.

आज हायवेला उभं राहिलं की दोन गोष्टी जाणवतात. किन्नर दिसत नाही. भाड्यात दुसऱ्या माणसाचा खर्च बसत नाही, म्हणून चौदा चाकांची गाडी एकटा माणूस घाटातून उतरवतो. शिकणारा हात गाडीवरच नाही, तर उद्याचा ड्रायव्हर येणार कुठून? आणि ड्रायव्हर आपल्या पोराला या धंद्यात येऊ देत नाही. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, फार चांगलं झालं. पण छोटा मालक गाडी जुनी घेतो. त्याच्या ड्रायव्हरपर्यंत तो गारवा पोहोचायला आणखी आठ-दहा वर्षं जातील.

पोरं विचारतात त्याचं उत्तर मी असं देतो. घरी लहान मुलं असतील आणि महिन्याच्या महिन्याला पैसा हवा असेल, तर स्वतःच्या गाड्या असलेल्या, पगाराची चिठ्ठी देणाऱ्या कंपनीत जा. अटॅच गाडीवर कंपनीच्या नावाला भुलून चढू नका. आणि स्वतःची गाडी करायची असेल, तर जो मालक पाटा बदलताना तुम्हाला विचारतो, त्याच्याकडे राहा. पण चढायच्या आधी कागद मागा.

मालकांनो, तुमच्यातले कितीतरी जण कधीकाळी किन्नर होते. कायदा दहांची रेष काढो की विसांची, घरात शंभर पानी वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. ड्रायव्हरचं नाव, लायसन्स नंबर, कामावर लागल्याची तारीख, ठरलेला पगार आणि त्याखाली दोघांची सही. या दिवाळीला लक्ष्मीपूजनात वह्या पुजाल, तेव्हा ही वहीही पाटावर ठेवा.