बांधाआड वसलेलं जग

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आलं. सोबत एक कालवा आणि बांधही सापडला. म्हणजे या पर्जन्यछायेच्या मुलखात माणूस तीन हजार वर्षांपासून पाणी अडवतो आहे!

पण पाण्याबरोबर आणखी काय अडतं? शिरूर-दौंडच्या माळांवर काळा कातळ झिजून झालेली माती कित्येक ठिकाणी वीतभरच, खाली मुरूम. वळवाचा पाऊस कोसळला की उतारावरून आधी वाहून जातात ते सर्वांत बारीक कण आणि कुजलेला पालापाचोळा. नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब यांची खरी साठवण त्यांच्यातच. उताराला आडवी ताल, म्हणजे बांध, घातली, जमिनीचे टप्पे पाडले, की पाण्याचा जोर मोडतो आणि हा सगळा ऐवज तालीच्या वरच्या अंगाला बसतो. म्हणून एकाच पट्टीत तालीलगतची बाजरी तरारलेली दिसते आणि वरच्या टोकाची खुरटलेली.

ओल टिकली की मातीतला संसार सुरू होतो. बुरशीचे केसाहून बारीक धागे कणाला कण गुंफतात, जिवाणूंचा चिकट स्राव ते सांधतो, आणि मधल्या पोकळ्यांत हवा-पाणी खेळू लागतं. गांडूळ तर उन्हाळ्यात खोल ओलीत उतरतं, अंगाची गाठ मारून निपचित पडतं आणि पावसाची ओल पोचली की पुन्हा हलू लागतं. नांगर न लागलेल्या बांधावर मारवेल वाढतं, मुंग्या आणि कोळी सुखाने राहतात. तिथल्या बाभळीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. बांधाला पडीक म्हणणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

हे सारं एका दिवसात उधळताही येतं. जेसीबीने उतार कापताना वरची सुपीक माती भरावात गाडली जाते आणि उघडा मुरूम वर येतो. त्यात जीव रुजायला वर्षं लागतात, भरपूर शेणखत लागतं. तेव्हा सपाटीकरण करायचंच असेल, तर वरचा वीतभर थर आधी बाजूला काढून ठेवा, काम झाल्यावर तोच परत पसरा. आणि बांध कोरून नांगराची दोन तासं वाढवू नका.