ब्राझीलचे चाकरमानी

दासगावात वाढलेल्या कुणालाही 'चाकरमानी' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुंबईत कामाला, गणपतीला गावात, आणि दर महिन्याला घरी पैसे. माझ्या पीएचडीच्या भाषेत याला चक्राकार स्थलांतर म्हणतात: माणूस पोटासाठी बाहेर जातो, पण गाव सोडत नाही. आज हाच शब्द जरा लांबच्या माणसांना लावून बघू. भारतात खेळायला आलेल्या ब्राझीलच्या फुटबॉलपटूंना.

तुम्ही म्हणाल, कुठे गिरणी कामगार आणि कुठे हे स्टार? पण पैसा आणि प्रसिद्धी क्षणभर बाजूला ठेवा आणि कामाच्या अटी बघा.

होजे रामिरेझ बरेटो हा पोर्तो अलेग्रे शहराचा. 1999 मध्ये तो कोलकात्याच्या मोहन बागानकडे आला आणि तिथल्या लोकांनी त्याला 'सबूज तोता', म्हणजे हिरवा पोपट, असं लाडाचं नाव दिलं. काही काळ मलेशियात खेळून तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे आला. 2005-06 च्या मोसमात या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. मग तो पुन्हा मोहन बागानकडे गेला आणि 2012 पर्यंत तिथेच राहिला. पुढे नवी मुंबईत त्याने मुलांना प्रशिक्षण दिलं. पण महिंद्रा युनायटेड? 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या ते आपल्याकडच्या थोरल्यांना आठवत असेल. कामगार कितीही चांगला असो, मालकाने कुलूप लावलं की संपलं.

दुसरी अट जागांची. परदेशी खेळाडू किती, हे नियम ठरवतो. 2021-22 पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळू शकतात. मर्यादा एकाने कमी झाली की प्रत्येक संघातल्या एकाची जागा धोक्यात येते, मग त्याने गोल कितीही केलेले असोत.

आता पैसे घरी पाठवण्याचं बघा. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. एका अर्थाने गावाला जाणारी मनीऑर्डरच. पण करार संपल्यावर तो मोकळा होऊन गेला, तर रक्कमच नसते, मग वाटणी कसली?

सगळ्यात जड अट शरीराची. क्रिस्टियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझीलचा फॉरवर्ड. 2003-04 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळताना राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच. पुढच्या मोसमात तो गोव्याच्या डेम्पोकडे आला. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. डेम्पो 2-0 ने जिंकला, दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि परत उठला नाही. मैदानावरच्या अपुऱ्या वैद्यकीय सोयीवर तेव्हा मोठी टीका झाली. डेम्पोने त्याची 10 नंबरची जर्सी निवृत्त केली.

जर्सी निवृत्त करणं हा मान आहेच. पण माझ्यासारख्या अभ्यासकाला त्याआधीचा प्रश्न पडतो: कामाच्या जागी डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार ठेवण्याची जबाबदारी कुणाची? गिरणीच्या खात्यात हा प्रश्न विचारायला युनियन होती. दूरदेशी, एका मोसमाच्या करारावर आलेल्या माणसाच्या वतीने तो कोण विचारणार?

म्हणून पुढच्या वेळी कुणी परदेशी खेळाडू गोल करताना दिसला, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की तोही कुणाच्या तरी घरचा चाकरमानी आहे, आणि त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.